सगळ्या सभासदांचा मोबाईल एकच: २१४७४८३६४७. ही संख्या आहे तरी काय?

वाचनालयवाला

मंडळी, मी पुण्यातल्या एका छोट्या वाचनालयाचं काम हौसेने बघतो. सभासदांची माहिती वह्यांमधून कॉम्प्युटरवर घेतली, त्यासाठीचं सॉफ्टवेअर ओळखीच्या एकाने करून दिलं होतं. परवा दिवाळी अंकांच्या योजनेचा मेसेज पाठवायला यादी काढली, तर जवळजवळ सगळ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर: २१४७४८३६४७. चार-पाच जुन्या सभासदांचे नंबर मात्र ठीक आहेत, फक्त सुरुवातीचं शून्य गळालंय.

भाची इंजिनियरिंगला आहे, तिला दाखवलं. "मामा, हा २ चा ३१ वा घात वजा १ आहे. मूळ संख्यापण आहे," एवढं बोलून ती क्लासला पळाली.

तर प्रश्न दोन. एक, हाच आकडा का? दोन, कॉम्प्युटरवाल्यांनी मर्यादा ठरवताना मूळ संख्याच का घेतली? त्यात काही हेतू आहे की नुसता योगायोग?

खडूस

त्या नंबरवर फोन लावून पाहिलात का? एवढ्या सगळ्या सभासदांतला कुणीतरी उचलेलच.

बिट्टू_बाइट

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नंबरचा रकाना 'इंट' (पूर्णांक) प्रकारचा ठेवलाय. त्यात ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या ३२ जागा असतात. एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हात जातो, उरतात ३१. म्हणून त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २^३१ − १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. आपले मोबाईल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे दहा अंकी आकडा म्हणून बघितलं तर सगळेच याहून मोठे. माहिती साठवणाऱ्या मायएसक्यूएल सॉफ्टवेअरचा स्ट्रिक्ट मोड (कडक तपासणी) बंद असेल तर ते तक्रार न करता मावेल तेवढी कमाल किंमत लिहून मोकळं होतं.

ते चार-पाच जुने सभासद लँडलाइनवाले असणार. ०२० मधलं शून्य गेलं की उरतो २०२... ने सुरू होणारा दहा अंकी आकडा, आणि तो २१४ कोटींच्या आत बसतो. मुंबईत ०२२ असतं, म्हणजे तिथले लँडलाइनवालेही बुडाले असते.

वाईट बातमी अशी की मूळ नंबर परत मिळणार नाहीत. वह्या जपून ठेवल्या असतील अशी आशा आहे.

डॅलसकर

२१४ हा आमच्या डॅलसचा एरिया कोड आहे हो! त्यामुळे इकडे हा आकडा अगदी अस्सल लोकल नंबर दिसतो, २१४-७४८-३६४७. पुण्याचं अख्खं वाचनालय डॅलसला हलवल्याबद्दल अभिनंदन. एकादशीला भजनाला या सगळे.

वाचनालयवाला

@बिट्टू_बाइट, लँडलाइनचं अगदी बरोबर निघालं, सगळे ०२० वाले आहेत. वह्या आहेत. पण दुसरा प्रश्न अजून राहिलाय.

तर्कटी

हेतू बिलकुल नाही. कॉम्प्युटरला मूळ-संयुक्तशी काही घेणंदेणं नाही, त्याला बिट मोजायचे असतात. चिन्हासकटच्या कमाल किमती बघा. ८ बिटांत १२७, मूळ. १६ बिटांत ३२७६७, म्हणजे ७ × ३१ × १५१, संयुक्त. ३२ बिटांत तुमचा आकडा, मूळ. ६४ बिटांत ९२२३३७२०३६८५४७७५८०७, संयुक्त, त्याला ७ ने दोनदा भाग जातो. आणि १२८ बिटांत २^१२७ − १, ती परत मूळ!

एकाआड एक येतंय म्हणून नियम शोधायला जाऊ नका. २५६ बिटांना २^२५५ − १ येते, ती संयुक्त आहे, इथवर एकाआड एक खरंच टिकतं. पण कारण वेगळं आहे.

साखरभात

म्हणजे घातांक मूळ असेल तर उत्तर मूळ, असं ना? ७, ३१, १२७ मूळ आहेत आणि १५, ६३, २५५ नाहीत. संपला की प्रश्न.

निवृत्त गुर्जी

साखरभात, अर्धं बरोबर. उरलेल्या अर्ध्यात भल्याभल्यांची विकेट पडली आहे.

आधी बरोबर अर्धं. २^१५ − १ बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर नुसते पंधरा एक येतात: १११११११११११११११. पंधरा एकांचे तीन-तीनचे गट पडतात, म्हणून तिला १११ ने, म्हणजे ७ ने भाग जातो. पाच-पाचचेही गट पडतात, म्हणून १११११ ने, म्हणजे ३१ नेही जातो. आपल्या दशमान पद्धतीतही हेच: ११११११ ला ११ ने आणि १११ ने भाग जातो, वहीत करून बघा. घातांकाचे अवयव पडले की संख्येचे पडलेच. म्हणून १५, ६३, २५५ वाल्या संख्या मूळ असूच शकत नाहीत.

घातांक मूळ असेल तर असे गट पडत नाहीत. पण गट पडत नाहीत म्हणून दुसरा कुठला भाजक नसेलच असं नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. अकरा मूळ आहे, २०४७ नाही.

म्हणजे वाचनालयवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं: ३२ मधून १ गेल्यावर ३१ ही मूळ संख्या उरली, म्हणून शक्यता निर्माण झाली. ती प्रत्यक्षात आली हे नशीब.

खडूस

गुर्जी, दहावीला तुम्ही असतात तर मी आज इथे टवाळक्या करत नसतो.

मृण्मयी क.

नुसत्या एकांच्या संख्यांवरून आठवलं. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांना दशमानातल्या अशा संख्यांचा फार नाद. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. या कुळातल्या संख्यांना त्यांनी नाव दिलं 'डेम्लो', आणि ते घेतलं होतं जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनवरून! गर्दीच्या लोकलमध्ये हे आठवलं की मला तेवढंच बरं वाटतं.

दशमानात नुसत्या एकांच्या मूळ संख्या फार विरळ. ११ आहे, मग थेट १९ एकांची, मग २३ एकांची, आणि त्यानंतर एकदम ३१७ एकांची. बायनरीत त्या मानाने चंगळ आहे. वाचनालयवाल्यांची संख्या म्हणजे बायनरीतले ३१ एक, आणि या कुळातली ती आठवी. घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि मग ३१.

कोकणकडा

डोंबिवलीकर इथे हजर. आता स्टेशनवर तसा फलक लागायला हवा.

साखरभात

पण ती मूळ आहे हे कळलं कसं? कॉम्प्युटर यायच्या आधीचं म्हणतोय.

निवृत्त गुर्जी

अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं. १७७२ साली, सेंट पीटर्सबर्गहून बर्लिनच्या योहान बेर्नुलीला (या घराण्यात योहान पुष्कळ, हा तिसरा) लिहिलेल्या पत्रात ते आलं. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

त्याच्याआधी कातालदी या इटालियन गणितज्ञाने १५८८ मध्ये २^१९ − १ = ५२४२८७ मूळ असल्याचं दाखवलं होतं, तेही वर्गमूळापर्यंतच्या एकेका मूळ संख्येने भागत. तीच पद्धत इथे लावली तर वर्गमूळ येतं ४६३४० च्या थोडं वर आणि त्याखाली मूळ संख्या आहेत ४७९२. तेवढे भागाकार हाताने करणार कोण?

ऑयलरने आधी विचार केला की भाग जाणार असेल तर तो कसल्या संख्येने जाईल. समजा p या मूळ संख्येने भाग जातो. मग २^३१ ला p ने भागून बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयामुळे २^(p−१) ची बाकीही १. दोन्हींचा मेळ घातला की p − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा, आणि p विषम आहे म्हणून ६२ नेही. शिवाय २^३२ ची बाकी २ येते, आणि २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे p च्या हिशेबात २ ही वर्गाची बाकी ठरली, आणि असं होतं तेव्हा p ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की p एक तर २४८n + १ तरी हवा, नाही तर २४८n + ६३ तरी. पावणेपाच हजारांवरून काम पावणेचारशेच्या आत आलं, आणि त्यातल्याही संयुक्त संख्या गाळता येतात.

तर्कटी

गुर्जींच्या चाळणीतून काय पडतं ते पाहिलं. ६३ संयुक्त. २४९ = ३ × ८३. ३११ मूळ, भागून बघा, बाकी ३५. मग ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ सगळ्या संयुक्त. पुढची मूळ थेट १३०३, बाकी २२६. म्हणजे १३०० च्या पुढे गेलो तरी खरे भागाकार दोनच! ही चाळणी काय चीज आहे ते आत्ता कळलं मला.

खडूस

वैदिक गणितात हे एका ओळीत होतं म्हणे.

तर्कटी

मग टाका ती ओळ इथे. १३०३ ने भागून दाखवा, आम्ही बसलोय.

खडूस

नेटवर्क जातंय इकडे...

डॅलसकर

भर घालतो. २^३१ − १ ही जवळपास शतकभर माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. तिच्यापासून २^३० × (२^३१ − १) ही परिपूर्ण संख्या बनते, म्हणजे ६ आणि २८ सारखी, जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तीच येते. किंमत २३०५८४३००८१३९९५२१२८. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही, कारण या संख्या नुसत्या गमतीच्या आहेत, उपयोग काही नाही, तेव्हा पुढे शोधायला जाणार कोण?

१८७६ मध्ये ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने २^१२७ − १ मूळ असल्याचं हाताने सिद्ध केलं. ३९ अंकी. तो विक्रम पाऊणशे वर्षं टिकला. मग १८८३ मध्ये पेर्वुशिन नावाच्या रशियन पाद्र्याने मधली राहून गेलेली २^६१ − १ शोधली. उपयोग नाही म्हटलं की माणसाला जास्तच चेव येतो.

कोकणकडा

उपयोगाचं बार्लोचं बरोबरच होतं की. उपयोग काय या संख्येचा? पासवर्ड, बँका वगैरेत मूळ संख्या असतात ते ऐकलंय.

बिट्टू_बाइट

बँकेसाठी ही फारच लहान. तिथे शेकडो अंकी मूळ संख्या लागतात. दहा अंकी म्हणजे तिथे कडी न लावलेलं दार.

पण दुसरा उपयोग भरपूर झालाय. कॉम्प्युटरला 'कुठलाही एक आकडा दे' म्हणायचं असतं, त्याची एक जुनी कृती: हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा, परत तेच. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये 'निदान एवढं तरी करा' म्हणून हीच कृती सुचवली. १ पासून सुरू केलंत तर दहा हजाराव्या पायरीला १०४३६१८०६५ यायलाच हवा. प्रोग्राम बरोबर लिहिलाय का, ते यावरूनच तपासतात.

इथे भाजक मूळ असणं हीच खरी कळ. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात, आणि तो असा निवडलाय की १ ते २१४७४८३६४६ या सगळ्या संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय पहिली परत येत नाही. भाजक संयुक्त असता तर या नुसत्या गुणाकाराच्या कृतीला एवढा फेरा कधीच जमला नसता.

मृण्मयी क.

आणि भागाकार करावाच लागत नाही, हे राहिलं. शाळेत गुणाकार तपासायला नवाचा ताळा करायचो ना? १० ला ९ ने भागून बाकी १, म्हणून नुसते अंक मिळवले की काम होतं. इथे २^३१ ला या संख्येने भागून बाकी १. म्हणून मोठ्या संख्येचे बायनरीत ३१-३१ बिटांचे तुकडे पाडायचे आणि मिळवायचे. नवाचा ताळाच, फक्त नऊच्या जागी २१४ कोटी! ५० वर्षांपूर्वीच्या मशीनवर भागाकार फार महाग पडायचा, तेव्हा ही मोठी सोय होती.

बिट्टू_बाइट

दंडवत ताई. इतकी वर्षं हा कोड बघतोय, नवाचा ताळा कधी डोक्यातच आला नाही.

अवांतर: हीच संख्या १९ जानेवारी २०३८ ला परत भेटेल. जुन्या सिस्टीम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच इंटमध्ये मोजतात. मोजणी गच्च भरेल ती आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला अशा सिस्टीमला वाटेल की १९०१ साल उजाडलं.

खडूस

ऑफिसात पोचायची वेळ. उशीर झाला तर सांगायला कारण मिळालं. मी १९०१ मध्ये होतो.

बाकी, दहा अंकी संख्येला मोठी म्हणणं जरा अतीच होतंय का?

डॅलसकर

सध्याची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी शोधली, 'गिम्प्स' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात, ग्राफिक्स कार्डं भाड्याने घेऊन. अंक ४,१०,२४,३२०. ती आणि वाचनालयाची संख्या एकाच कुळातल्या, ती फक्त १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एकांची.

साखरभात

पण चार कोटी अंकी संख्येला चाळणी लावून कसं जमेल? ऑयलरचीही पद्धत अपुरी पडेल.

मृण्मयी क.

चाळणी तिथे फक्त आधी कचरा काढायला. खरी परीक्षा ल्यूकाची, नंतर लेहमरने सुटसुटीत केलेली. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांक n असेल तर हे n − २ वेळा करायचं, शेवटी बाकी ० आली तर मूळ, नाहीतर संयुक्त.

१२७ साठी (घातांक ७, पायऱ्या पाच): ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ!

२१४७४८३६४७ ला २९ पायऱ्या. ड्युरांटच्या संख्येसाठी आधी एका हलक्या परीक्षेने अंदाज घेतला आणि मग या पद्धतीने शिक्कामोर्तब केलं. कुठल्याही संख्येला चालणारी, झटपट आणि खात्रीची पद्धत आपल्याच आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली, पण या खास कुळासाठी ल्यूका-लेहमरच वेगवान.

तर्कटी

अजून एक सांगतो मग झोपतो. ५ घ्या. २^५ − १ = ३१, मूळ. २^३१ − १, मूळ. मग २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १? मोह होतो ना 'मूळच असणार' म्हणायचा? चौसष्ट कोटींहून जास्त अंक आहेत तिला. पण साखळी इथे तुटते: तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो.

गुर्जींचाच नियम इथे चालतो. भाजक २ × २१४७४८३६४७ × k + १ असाच हवा, आणि इथे k = ६८७४५. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पॉव फंक्शनला (घात काढून भागाकाराची बाकी देतं) २, २१४७४८३६४७ आणि २९५२५७५२६६२६०३१ हे तीन आकडे द्या, उत्तर १ येईल, म्हणजे भाग गेला. ६४ कोटी अंकी संख्या न लिहिताच तिचा भाजक तुम्ही स्वतः तपासलात.

वाचनालयवाला

मंडळी, आभार. एवढं अपेक्षित नव्हतं. नंबरचा रकाना मजकुराचा करून घेतला. एकाने 'बिगइंट' कर म्हणून सांगितलं होतं, पण त्यात ०२० चं शून्य परत गळलं असतं. फोन नंबरांची कुणी बेरीज करत नाही, मग ते संख्या म्हणून ठेवायचेच कशाला. वह्यांवरून नंबर परत चढवायला दोन कॉलेजची मुलं मिळाली आहेत, मानधन म्हणून वर्षाची सभासदवर्गणी माफ. भाचीला धागा पाठवला. तिचं म्हणणं, १२७ नंतरची पायरी कुणीतरी स्वतः करून दाखवा.

साखरभात

केली! घातांक १३, संख्या ८१९१, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर: ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०. अकराव्या पायरीला शून्य. ३१ लाही करून पाहिलं: ४, १४, ८, ०.

पण एक विचारतो. शून्याच्या आधी ३१ ला ८ आला, ८१९१ ला १२८ आला, दोन्ही २ चे घात. १२७ ला मात्र १११. तो का नाही?

तर्कटी

झोपू देत नाही हा माणूस. १११ म्हणजे १२७ − १६. १२७ ने भागायच्या हिशेबात उणे १६. तोही २ चाच घात, चिन्ह बदलून. शेवटच्या पायरीला वर्ग वजा २ शून्य होतं, म्हणजे आधीच्या संख्येचा वर्ग २ असायला हवा. आणि २ कुणाचा वर्ग आहे ते गुर्जींनी वर सांगितलंच आहे.

निवृत्त गुर्जी

शाबास. म्हणजे २१४७४८३६४७ ला शेवटून दुसरी बाकी ६५५३६ तरी येईल, नाहीतर २१४७४१८१११ तरी. तिसरं काही आलं तर कुठेतरी आकडा चुकला.

साखरभात

दोन्हीतली कुठली?

मृण्मयी क.

मला माहीत आहे, सांगणार नाही. २९ पायऱ्याच आहेत, रविवार मोकळा असेलच.